काळे पडलेले तूप आणि ३८,५०० रुपये

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता सांगलीत आमच्या वसाहतीच्या सभागृहात तळपायांच्या अ‍ॅक्युप्रेशरचे तीन दिवसांचे शिबिर भरले होते. नोंदणी १० रुपये आणि तपासणी मोफत, असे पत्रकावर छापले होते. मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून अकरा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेते. त्या सुमारास रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होई, पाय पांघरुणाबाहेर काढून गार फरशीवर टेकवावे लागत आणि दोन-अडीच वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. माझ्याकडून पुढे ३८,५०० रुपये कसे उकळले गेले आणि पायाला जखम कशी झाली, ते माझ्या वयाच्या इतरांनी वेळीच सावध व्हावे म्हणून लिहीत आहे.

शिबिरातील गृहस्थांनी ‘जिमी’ म्हणतात ती टोकदार लाकडी काडी माझ्या तळपायावर ठिकठिकाणी दाबली. कळ आली की ते विचारत, “इथे दुखते ना काकू? हे तुमचे स्वादुपिंड,” आणि थोडे पुढे सरकून, “हे मूत्रपिंड.” मी थक्क झाले, कारण मधुमेहाचे मी त्यांना सांगितले नव्हते. नोंदणीच्या कागदावर ते मीच लिहून दिले होते, हे तेव्हा लक्षात आले नाही. पुढे सगळे उघड झाल्यावर मी त्याच जागा माझ्या बारा वर्षांच्या नातवाच्या पायावर पेनच्या मागच्या टोकाने तितक्याच जोराने दाबून पाहिल्या, तेव्हा तोही कळवळला. त्याचे स्वादुपिंड ठणठणीत आहे.

मात्र एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शिबिराच्या पहिल्या दिवशी तेल लावून पंधरा मिनिटे पाय चोळून दिल्यावर त्या रात्री मला खरोखर लवकर झोप लागली आणि दुसऱ्या रात्रीही लागली. पाय चोळून घेतल्याने शरीर सैलावते, मन शांत होते, हा आपल्या घराघरांतील जुना अनुभव आहे. आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनीही अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, सांगताना डोके, कान आणि पाय यांना विशेष करून तेल लावण्यास सांगितले आहे. ती झोप खोटी नव्हती, आणि म्हणूनच तिच्या भरवशावर मी पुढच्या प्रत्येक खोट्या विधानावर विश्वास ठेवला.

शिबिर संपल्यावर त्यांच्या भाड्याच्या गाळ्यात २१ बैठका ठरल्या, प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे ६,३०० रुपये. भिंतीवर पावलांचा रंगीत नकाशा होता आणि हे आपल्या ऋषींचे हजारो वर्षांपूर्वीचे शास्त्र असल्याचे सांगितले जाई. प्रत्यक्षात तळपायावर अवयवांच्या जागा दाखवणारा तसा नकाशा विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झाला. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी शरीराचे उभे पट्टे कल्पिले आणि युनिस इंगहॅम यांनी १९३० च्या दशकात त्यावरून पावलांचा तपशीलवार नकाशा मांडला. आपल्याकडच्या पादाभ्यंगाशी त्याचा संबंध नाही. परंतु ऋषींचे नाव निघाले की आपण प्रश्न विचारणे थांबवतो, मीही थांबवले.

सहाव्या बैठकीला काशाच्या थाळ्यांचे यंत्र पुढे आले. पायांना तूप लावून फिरत्या थाळ्यांवर ठेवायचे आणि वीस मिनिटांनी पाहायचे, तर तूप आधी राखाडी आणि मग काळेकुट्ट झालेले असे. “पाहा काकू, किती उष्णता आणि विष साचले होते,” असे सांगून ते बोटावर घेऊन दाखवत. तूप काळे निघते आहे तोवर उपचार सोडता येणार नाही, त्यापेक्षा यंत्र घरीच ठेवा, असे म्हणून त्यांनी २८,००० रुपयांचे यंत्र आणि ४,२०० रुपयांच्या काटेरी चपला, लाकडी रूळ व चुंबकाचे तळवे मला दिले. काशात मुख्यतः तांबे आणि थोडे कथील असते. तूप आणि घाम यांच्यासह तो धातू घासला की काळे निघणारच, घासणाऱ्याच्या अंगात काही असो वा नसो. देवघरातील पितळी समई घासताना फडके काळे होते, हे मी पन्नास वर्षे पाहत आले आहे. ते फडके पाहून समईतून विष निघाले असे मी कधी म्हटले नाही. थाळीपुढे बसल्यावर मात्र मला समई आठवली नाही.

पैसे एका व्यक्तीच्या खासगी खात्यात मोबाइलवरून घेतले गेले आणि पावती मिळाली ती ‘आरोग्यसेवेसाठी देणगी’ अशी. तिच्यावर पत्ता नव्हता, केवळ मोबाइल क्रमांक होता.

दुसऱ्या आठवड्यात पाय अधिक दुखू लागले. मी तक्रार केली तेव्हा त्रास वाढणे ही रोग बाहेर पडत असल्याची खूण आहे, आता थांबलात तर सगळे वाया जाईल, असे उत्तर आले. या एका वाक्याने माणसाच्या हातातील शेवटचा पुरावाही काढून घेतला जातो, कारण बरे वाटले तरी उपचार लागू पडला आणि वाईट वाटले तरी लागूच पडला. मधुमेहाच्या गोळ्याही हळूहळू बंद करू, असे ते म्हणाले होते. ते सूनबाईने ठामपणे होऊ दिले नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

एका सकाळी तिलाच माझ्या पायमोज्यावर डाग दिसला. अंगठ्याच्या मुळाशी काटेरी चपलेने जखम होऊन ती चिघळली होती आणि मला तिची जाणीवही नव्हती. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक धागा तळपायावर अनेक जागी टेकवला, त्यांतील चार जागा मला कळल्याच नाहीत. मधुमेहाने नसा दुखावल्या की आग होणे आणि बधिरपणा येणे ही दोन्ही एकाच पायात राहू शकतात, आणि अशा पायाला काटे, टोकदार काडी वा कडक रूळ लावणे धोक्याचे असते, असे त्यांनी समजावले. रक्ततपासणीत जीवनसत्त्व बी-१२ फार कमी निघाले. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते आणि त्यानेही पायांची आग होते. सात आठवडे मलमपट्टी चालली. बी-१२ ची इंजेक्शने आणि साखरेवर नियंत्रण यांनी आग पुष्कळ उणावली आहे.

गाळा तोवर रिकामा झाला होता आणि क्रमांक बंद लागत होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मला नीट मार्गदर्शन मिळाले. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्क नाही, परंतु समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझी सर्वांत मोठी अडचण तीच ठरली. अखेर गाळामालकांनी भाडेकराराची प्रत दिली आणि त्यावरील पत्त्याने मी तक्रार दाखल केली आहे. पत्रकावर मधुमेह मुळापासून बरा करण्याचे आश्वासन होते. तशी जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, म्हणून ते पत्रक अन्न व औषध प्रशासनाकडेही दिले. ते मी जपून ठेवले होते, हे बरे झाले. पैसे देण्यापूर्वी पत्ता आणि वस्तूचे नाव असलेले रीतसर बिल मागा, ‘देणगी’ लिहिलेली पावती घेऊ नका, आणि पायांची आग किंवा बधिरपणा असेल तर कोणालाही पाय दाबू देण्याआधी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्या.

त्या शिबिरातून माझ्याबरोबर आणखी तिघीजणी त्या गाळ्यात येत असत. दोघींनी घरी अद्याप सांगितलेले नाही, आणि मुलांच्या बोलण्याला त्या भितात हे मी समजू शकते, कारण मीही तीन आठवडे गप्प होते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. त्यांनी पावत्या आणि मोबाइलवरील व्यवहाराच्या नोंदी पुसू नयेत आणि मला भेटावे. गाळ्याच्या कराराची प्रत माझ्याकडे आहे.