पुतळा हलवणे आणि स्तंभाला नवा अर्थ देणे
दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीतला पाचव्या जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये कोरोनेशन पार्कात हलवला गेला आणि त्या रिकाम्या छत्रीत २०२२ मध्ये नेताजींचा पुतळा उभारला गेला. हे दोन्ही निर्णय सरकारचे होते. पुण्याजवळच्या कोरेगाव भीमाचा स्तंभ मात्र ईस्ट इंडिया कंपनीने पेशव्यांविरुद्धच्या १८१८ च्या लढाईतील स्वतःच्या विजयासाठी उभारलेला असूनही जागेवरच राहिला. त्यावर कोरलेल्या नावांत शेवटी ‘नाक’ असलेली महार सैनिकांची नावे आहेत, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे भेट दिल्यानंतर तो आत्मसन्मानाचे प्रतीक बनत गेला. हा दुसरा मार्ग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तेथे स्मृतीवरचा हक्क वगळल्या गेलेल्यांनीच बजावला. परकीयांचा विजय का स्मरावा, असा आक्षेप घेणारे पेशवाईतील अस्पृश्यतेचा जाच सोयीस्करपणे विसरतात.