प्लगचे आटे गेले म्हणून हेलिकॉइल बदललं, बरेच महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

विमानाच्या लायकॉमिंग कंपनीच्या चार सिलिंडरवाल्या इंजिनवर खालच्या एका स्पार्क प्लगचं हेलिकॉइल (प्लगच्या भोकात आट्यांसाठी बसवलेलं तारेच्या वेढ्यांचं इन्सर्ट) बदलून घेतलं, त्याला आता बरेच महिने झालेत, ऊन-थंडी दोन्ही बघून झालं म्हणून लिहितोय. काम टिकलंय आणि सिलिंडर उतरवावा लागला नाही. किटबद्दल मात्र तक्रार आहे, ती खाली सांगतो.

झालं असं की प्लग काढताना शेवटपर्यंत जड येत होता आणि बाहेर आला तो आट्यांवर तारेचे वेढे घेऊनच. बऱ्याच जणांना वाटतं हेलिकॉइल म्हणजे आटे गेल्यावरचा जुगाड. गाडीच्या बाबतीत असेलही, पण विमानाची इंजिनं बनवणारी लायकॉमिंग काय किंवा कॉन्टिनेन्टल काय, सिलिंडर हेडच्या ॲल्युमिनियममध्ये १८ एमएमचं स्टेनलेस हेलिकॉइल कंपनीतूनच बसवून येतं, कारण प्लग दर १०० तासांना आत-बाहेर होणार आणि नुसतं ॲल्युमिनियम ते किती दिवस सोसणार. म्हणजे जुनं काढून नवीन बसवलं की इंजिन मूळ स्थितीतच येतं, ठिगळ वगैरे काही नाही.

आता किट. पहिलं मागवलं त्यावर १८ एमएम लिहिलेलं बघून खूश झालो, उघडलं तर इन्सर्ट आखूड. विमानाचे प्लग दोन लांबीचे येतात, अर्धा इंच आणि १३/१६ इंच, आमचा लांबवाला. आखूड इन्सर्ट बसवलं असतं तर आतल्या टोकाला प्लगचे आटे कशातच अडकले नसते आणि तिथे कार्बन-शिसं साचून पुढच्या वेळी प्लग पुन्हा तसाच अडकला असता. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणे सगळ्यांना चालतं! परत पाठवलं आणि इंजिनच्या मॅन्युअलमध्ये दिलेला पार्ट आणि टूल्सच आणली: काढायचं, बसवायचं आणि वरचा वेढा फाकवून लॉक करायचं अशी तीन.

काम लायसन्सवाल्या इंजिनिअरनेच केलं, सहीसुद्धा त्याचीच लागते. सगळ्यात जास्त वेळ गेला जुनं काढण्यात. वरचा वेढा हेडच्या खाचांमध्ये दाबून बसवलेला असतो, तो आधी आतल्या बाजूला वळवून मोकळा करावा लागतो, घाईत ओढला की ॲल्युमिनियमला चरा पडलाच. मग टॅपला (आटे साफ करायच्या हत्याराला) भरपूर ग्रीस लावून हलक्या हाताने फिरवला, ग्रीसला कचरा चिकटून येतो. खालचं भोक असल्यामुळे उरलेला कचरा आपोआप खाली पडला, वरच्या भोकाला हीच डोकेदुखी होते, कचरा सरळ पिस्टनवर जातो. पण खालून काम करायचं म्हणजे एक्झॉस्ट पाइप मध्ये येतो, त्यामुळे मान मोडून घ्यायची तयारी ठेवा. ॲल्युमिनियममधले आटे शाबूत होते म्हणून स्टँडर्ड माप चाललं, ढिले असते तर १० थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) ओव्हरसाइज मिळतं, त्यात फक्त बाहेरचं माप वाढतं, प्लग तोच राहतो.

बसवून झाल्यावर बोअरस्कोप (भोकातून आत बघायचा बारीक कॅमेरा) घालून बघितलंच पाहिजे, यात हात आखडता घेऊ नका. खालचं टोक कंबशन चेंबरमध्ये डोकावत असेल तर ते लालबुंद होतं, प्री-इग्निशन (ठिणगी पडायच्या आधीच इंधन पेटणं) सुरू होतं आणि मग पिस्टनचं काही खरं नाही.

त्यानंतरचा अनुभव चांगला. चालू इंजिनवर दोन्ही मॅग्नेटोंचा (प्लगला ठिणगी देणारी यंत्रं) ड्रॉप, म्हणजे एकावरच चालवल्यावर आरपीएम किती पडतो ते, पहिल्यासारखाच, ८० पीएसआयवर कॉम्प्रेशन टेस्ट करताना प्लगच्या बुडाशी साबणाचं पाणी टाकलं तर एक बुडबुडा नाही. पुढच्या इन्स्पेक्शनला प्लग काढला तेव्हा जरा धाकधूक होती, पण सैल केल्यावर बोटांनी फिरवत बाहेर आला आणि हेलिकॉइल जागच्या जागी. खरी परीक्षा हीच, प्लग बोटांनी गॅस्केटपर्यंत जात नसेल तर पाना लावायचा नाही, आटे साफ करायचे.

टॉर्कचं, म्हणजे प्लग किती जोराने आवळायचा याचं म्हणाल तर लायकॉमिंगला ३० ते ३५ फूट-पाउंड, कॉन्टिनेन्टलला २५ ते ३०. अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) अगदी थोडं आणि टोकाचा पहिला आटा सोडून, नाहीतर गरम होऊन इलेक्ट्रोडवर ओघळतं आणि प्लग शॉर्ट. कॉपर गॅस्केट दरवेळी नवीन, त्यात कंजुषी करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आणि इंजिन गार झाल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही.

मूळ पार्ट आणि टूल्सना पाचपैकी साडेचार, अर्धा यासाठी कापला की बसवायच्या टूलचं हँडल फार आखूड आहे, खालच्या प्लगला वापरताना बोटं सोलून निघतात. त्या पहिल्या किटला शून्य. शेजारच्या सिलिंडरमध्ये वरचा वेढा थोडा उचललेला दिसतोय, त्याचं इन्सर्ट आणून ठेवलंय, पुढच्या इन्स्पेक्शनला तेही बदलून घेणार.