फवारणी पंपाची लिथियम बॅटरी, दोन हंगामांनंतर
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या कपाशीत दोन हंगाम वापरलेला हा पंप पाठीला हलका आहे, परंतु एका चार्जिंगमध्ये आता पूर्वीइतक्या टाक्या निघत नाहीत. कारण बॅटरीच्या ग्राफाइटच्या ॲनोडवर (ऋण टोकावर) आहे: पहिल्याच चार्जिंगला इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवाचे, विघटन होऊन तेथे काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो, जो लिथियम आयनांना वाट देतो पण इलेक्ट्रॉन अडवतो, म्हणूनच पुढचे विघटन मंदावते. अशा थराची संकल्पना रसायनशास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये मांडली. चार्ज-डिस्चार्ज होताना ग्राफाइट फुगते-आकसते तसा थर तडकतो, पुन्हा सांधला जातो आणि दर वेळी थोडे लिथियम गिळतो, म्हणून बॅटरीची क्षमता घटत जाते. उष्णतेत हे अधिक वेगाने घडते. मे महिन्यात पूर्ण चार्ज केलेला पंप टिनाच्या कोठ्यात ठेवला, ही चूक माझीच. मात्र माहितीपुस्तिकेत त्याबद्दल एक ओळही नाही.