‘महिन्याला किती झेपेल?’ असं शोरूममध्ये विचारलं की तिथेच थांबा

शोरूमने फायनान्स कंपनीकडून काढून दिलेलं गाडीचं कर्ज ८,५६,००० रुपये, हप्ता १४,८२७, मुदत ८४ महिने. गुणाकार करा, १२,४५,४६८ होतात. गाडीसाठी खरं लागत होतं ८,००,००० चं कर्ज. तेवढं कर्ज बँकेतून ९ टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज), पाच वर्षांसाठी मिळत होतं. त्याचा हप्ता १६,६०७ आणि एकूण परतफेड ९,९६,४२०. फरक २,४९,०४८ रुपयांचा. हप्ता मात्र १,७८० रुपयांनी कमी दिसतो, आणि शोरूमवाल्यांनी पूर्णवेळ दाखवला तो तेवढाच आकडा.

तोंडी सांगितला गेलेला दर होता ‘साडेसहा टक्के’. फ्लॅट हा शब्द शेवटपर्यंत कोणाच्या तोंडून निघाला नाही. फ्लॅट दरात व्याज सातही वर्षं मूळ रकमेवर लागत राहतं, फिटलेल्या मुद्दलावरसुद्धा. ८४ महिन्यांसाठी फ्लॅट साडेसहा म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे ११.४ टक्के. बँकेच्या ९ टक्क्यांशेजारी साडेसहा ठेवले की कोणीही साडेसहाच उचलणार. पडताळणी एका मिनिटाची आहे. परतफेडीच्या तक्त्यातली पहिली ओळ बघा. त्या महिन्याचं व्याज गुणिले १२, भागिले मुद्दल. ८,५६,००० वर खरे साडेसहा टक्के असते तर पहिल्या महिन्याचं व्याज ४,६३७ आलं असतं. तक्त्यात ते ८,१०० च्या वर होतं. हा तक्ता सहीच्या आधी मागा. ‘सिस्टिममधून नंतर जनरेट होतो’ हे उत्तर खोटं आहे. दर, रक्कम आणि मुदत ठरली की तक्ता तयार असतो.

सगळं बिघडलं ते ‘महिन्याला किती झेपेल?’ या प्रश्नापाशी. पंधरा हजार म्हटलं की सेल्समन म्हणतो, ‘पंधराच्या आत बसवतो, साहेब’. त्यानंतर गाडीची किंमत, दर, मुदत यातलं काहीच टेबलावर राहत नाही. बोलणं साठ महिन्यांचं चालू असताना कोटेशनवर हप्त्याला पेनने गोल केला होता आणि त्याच्या खाली, छापील रकान्यात, ८४ होते. तो गोल आठवला की आजही संताप होतो, कारण नजर जाऊ नये तिथून ती हटवण्यासाठीच तो काढलेला असतो. हप्ता हा आकडा शेवटी येतो. त्याआधी गाडीची ऑन-रोड किंमत लेखी, मग कर्जाची रक्कम, मग दर (घटत्या शिलकीवरचाच), मग मुदत. हा क्रम मोडू देऊ नका.

हप्ता ‘बसवताना’ आत काय काय कोंबलं ते बघा. कर्जाचा विमा २३,४००. एक्स्टेंडेड वॉरंटी १७,७००. ॲक्सेसरीज १४,९००. झाले ५६,०००, आणि त्यावरही सात वर्षांचं व्याज. म्हणजे मॅट आणि सीट कव्हरचे पैसे सात वर्षं फेडायचे! ‘विम्याशिवाय कर्ज पास होत नाही’ असं म्हणाले तर एवढंच म्हणा, ‘हे ईमेलवर लिहून द्या.’ कोणी लिहून देत नाही. प्रोसेसिंग फी ५,९०० वेगळी भरून घेतली, ती या हिशेबात धरलेलीच नाही.

गाडीचा विमा शोरूमचा ४६,२००. तोच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तीच ॲड-ऑन, बाहेर ३४,८००. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची लागते, स्वतःच्या नुकसानीची एका वर्षाची पुरते. विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवतं, डीलर जबरदस्ती करू शकत नाही. ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर खोडायला लावा, तो कुठलाही सरकारी कर नाही. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर लागणारा एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून घेऊन भरलेला आयकर) मात्र खरा असतो आणि आयकर विवरणपत्रात परत मागता येतो.

‘वाचून सही का केली नाही?’ असं विचारणाऱ्यांसाठी. सही कागदावर नव्हतीच. टॅबवर चाळीसेक पानं, सगळी इंग्रजीत, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी काही मिनिटांत संपणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या अशा प्रत्येक कर्जाला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, आधी द्यावं लागतं, कर्जदाराला समजेल त्या भाषेत, आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस. त्यात एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर, लिहिलेला असतो. ते स्टेटमेंट आलं ईमेलवर, पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये, पैसे डीलरच्या खात्यात गेल्यावर. एपीआर होता १२ टक्क्यांच्या पुढे. जो कागद वाचायलाच मिळाला नाही, तो वाचला नाही म्हणून दोष गिऱ्हाइकाला कसा द्यायचा?

आणि मग दाद मागायची वणवण. फायनान्स कंपनी म्हणते डीलरकडे जा, विक्री त्यांनी केली. डीलर म्हणतो दर कंपनीचा, आम्ही फक्त फॉर्म भरतो. फॉर्म भरण्याचं कमिशन कंपनीकडून मिळतं हे मात्र सांगत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरची तक्रार डीलरच्या दोन ओळींच्या उत्तरावर ‘निकाली’ काढली गेली. उत्तर काय, तर ‘ग्राहकाने संमती दिली आहे’. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’, अर्ज घ्यायलाही तयार नाहीत. आरटीओचा कर्जाशी संबंध नाही. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तीस दिवस थांबा म्हणतो, आणि त्या तीस दिवसांत हप्ता बिनचूक कापला जातो. डीलर तर लोकपालाच्या कक्षेतच नाही! नियम लिहिणारे आहेत, तो मोडला तर शोरूममध्ये येऊन विचारणारा कोणी नाही. प्रत्येक खिडकीवर कागद मागतात आणि पुढची खिडकी दाखवतात.

कर्ज लवकर फेडून सुटू म्हणाल तर तिथेही हिशेब आहे. २४ हप्ते, म्हणजे ३,५५,८४८ रुपये, भरल्यावर मुद्दल उतरतं जेमतेम १ लाख ८० हजारांनी. वर फोरक्लोजर, म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं शुल्क, ५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. फोरक्लोजरचा दर करारात शोधा, सहीच्या आधी. मुदतीआधी कर्ज बंद केलंत तर कर्जविम्याचा उरलेला प्रीमियम लेखी मागा, आपणहून कोणी देत नाही.

सह्यांच्या गठ्ठ्यात फॉर्म २९ आणि ३० असतील तर हात आखडा. ते मालकी हस्तांतरणाचे आहेत, नव्या गाडीच्या नोंदणीला लागत नाहीत. गाडी ओढून नेली तर विकता यावी म्हणून फायनान्सवाले ते कोरे सही करून घेतात. ई-मँडेटवरची (खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या परवानगीवरची) कमाल रक्कम वाचा, ती हप्त्याच्या कितीतरी पट टाकलेली असते. ‘डिस्काउंट आमच्याकडून फायनान्स घेतलं तरच’ म्हणाले तर डिस्काउंटचा आकडा व्याजाच्या फरकाशेजारी मांडा. बँकेचं मंजुरीपत्र खिशात ठेवूनच शोरूममध्ये जा, आणि टोकनच्या पावतीवर ‘कर्ज न घेतल्यास परत’ असं लिहून घ्या.

अडकलाच असाल तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, ऑनलाइनही दाखल होते. वकील सक्तीचा नाही. सोबत जोडा: पेनने गोल केलेलं कोटेशन, की फॅक्ट्स स्टेटमेंट आलेल्या ईमेलची तारीख आणि वेळ दिसणारं पान, पैसे डीलरला गेल्याची तारीख दाखवणारं कर्जखात्याचं स्टेटमेंट, परतफेडीचा तक्ता, आणि सेल्समनचे व्हॉट्सॲप मेसेज. मेसेज आजच एक्सपोर्ट करून ठेवा, तो ते ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करू शकतो.