घाटात, मागे माणूस बसवून पाहिलेली निंजा ११००एसएक्स

रविवारी पहाटे साडेपाचला लोकमान्य नगरातून निघताना माझ्या बायकोची, वैशालीची अट एकच होती. "बिजासनचा घाट मला मागे बसवून चढवा. मग ही मोटारसायकल घ्यायची की नाही ते बोलू."

ही आपल्या इंदूरच्या विमानतळाजवळची बिजासन टेकरी नव्हे. सेंधव्याच्या पुढे, महाराष्ट्राच्या सीमेवर जो घाट लागतो तो. माझी सासुरवाडी नाशिकची, त्यामुळे हा रस्ता मला तोंडपाठ आहे: राऊ, मानपूर, धामनोद, खलघाटला नर्मदा, जुलवानिया, सेंधवा, मग घाट उतरून शिरपूर, धुळे, मालेगाव. एका बाजूचे चारशेच्या थोडे वर किलोमीटर होतात.

तीन वर्षांपूर्वी नाशिकहून परत येताना याच घाटात आमच्यावर वाईट प्रसंग आला होता. माझी जुनी सिंगल सिलिंडर गाडी, वर आम्ही दोघं आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा. पुढे लोखंडाने भरलेला ट्रक रांगत चढत होता. मी बाहेर काढली, एक्सिलरेटर पूर्ण पिळला आणि गाडी ट्रकच्या मधल्या चाकाशी येऊन तिथेच अडली. पुढे सरकेना. मागून बस हॉर्न वाजवत अंगावर येत होती, डावीकडे ट्रकचे टायर. कसेबसे निघालो. सेंधव्याला चहाला थांबलो तेव्हा वैशालीने मूठ उघडली, तर तळव्यावर चार नखांच्या खुणा होत्या. तेव्हापासून ती नाशिकला बसने जाते आणि मी एकटा गाडीवर जात नाही.

म्हणून मला जास्त ताकदीची गाडी हवी आहे. वेगासाठी नाही. आपल्याकडे चौपदरी हायवेवर मोटारसायकलला कायद्याने ताशी ८० ची मर्यादा आहे आणि मी ती पाळतो. मला हवा आहे तो चढावर, दोन माणसं आणि सामान घेऊन, पन्नासवरून ऐंशीला पटकन जाण्याचा जोर.

आता गाडीबद्दल. कावासाकीने ही निंजा ११००एसएक्स भारतात डिसेंबर २०२४ मध्ये आणली, तेव्हा एक्स-शोरूम भाव १३.४९ लाख होता. आधीच्या निंजा १०००एसएक्सचं इंजिन १०४३ सीसीचं, हिचं १०९९ सीसीचं, चार सिलिंडर. पण ताकद १४२ पीएसवरून १३६ पीएसवर आली. माझे ओळखीचे बरेच जण इथेच नाक मुरडतात, की इंजिन मोठं केलं आणि पॉवर घटवली, हा कुठला व्यवहार? मला वाटतं, हाच सगळ्यात शहाणपणाचा बदल आहे. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, १११ वरून ११३ न्यूटन-मीटर झाला, आणि मुख्य म्हणजे तो आधी ८००० आरपीएमला मिळायचा, आता ७६०० ला मिळतो. वरच्या टोकाची थोडी ताकद देऊन खालचा-मधला जोर घेतला आहे. ज्याला ट्रॅकवर जायचं आहे त्याने त्या सहा पीएससाठी जरूर हळहळावं. एबी रोडवर, म्हणजे याच आग्रा-मुंबई हायवेवर, त्यांची मला एकदाही आठवण झाली नाही.

पाचवा आणि सहावा गिअरही आता लांब केला आहे, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. सहाव्यात ऐंशीला काटा तीन हजारांच्या आतबाहेर असतो. इंजिन चालू आहे हे हाताला कळतं, कानाला फारसं नाही. क्रूझ कंट्रोल लावून धामनोद ते जुलवानिया मी नुसता समोर बघत होतो. क्विकशिफ्टर आता १५०० आरपीएमपासून चालतो, म्हणजे राऊच्या गर्दीतसुद्धा क्लच न दाबता गिअर पडतो. डाव्या मनगटाला आराम काय असतो ते सियागंजच्या बाजारात दिवसभर शटर आणि माल ओढणाऱ्या माझ्यासारख्याला विचारा.

गाडी माझ्या मित्राची, नितीनची. त्याच्याकडून दिवसभरासाठी मागून घेतली, कारण ज्या शोरूममध्ये मी गेलो होतो तिथे दोन किलोमीटरचा सपाट रस्ता दाखवला आणि मागे कोणी बसवायचं नाही असं स्पष्ट सांगितलं. पंधरा लाखांच्या आसपासची वस्तू माणूस अशी कशी घेणार? तुम्ही गेलात तर हट्ट धरा. ज्याला रोज मागे बसवणार आहात त्याला बसवूनच चालवून बघा. नाही म्हणाले तर कोणाची तरी मागून घ्या, पण एकट्याने चालवून निर्णय करू नका.

घाट उतरून खाली गाडी वळवली. थोडा वेळ थांबलो, कारण मला पुढे भरलेला ट्रकच हवा होता. दोन आले, एकामागे एक. चौथ्या गिअरमध्ये, पन्नासच्या आसपास, आरशात मागचा रस्ता रिकामा बघून बाहेर काढली आणि मनगट जेमतेम बोटभर फिरवलं. पहिला ट्रक मागे गेला, त्याच दमात दुसराही, आणि मी पुन्हा डाव्या लेनमध्ये होतो. गिअरला पाय लावावा लागला नाही. पाठीमागून वैशाली काही बोलली नाही, पण तिची पकड सैल झालेली मला जॅकेटवर कळली. वर पोचल्यावर तिने हेल्मेट काढलं आणि आधी तळवा बघितला.

परतताना गणपती घाटाचा चढही असाच गेला. ट्रकांचे ब्रेक फेल होण्यासाठी हा घाट वर्षानुवर्षे बदनाम आहे. तिथे कोणत्याही ट्रकच्या शेजारी कमीत कमी वेळ राहणं यालाच मी सुरक्षितपणा म्हणतो.

आता मागच्या सीटचं. वैशालीचा उजवा गुडघा आधीपासून दुखरा आहे. या प्रकारच्या गाड्यांवर मागच्या माणसाचे पाय टुरिंगच्या मोठ्या गाड्यांपेक्षा जास्त दुमडलेले राहतात. तिला दर साठ-सत्तर किलोमीटरला उतरून दोन मिनिटं चालावं लागलं. नाशिकपर्यंत म्हणजे पाच-सहा थांबे झाले. तिला ते चालतं, पण तुमच्या घरी विचारून घ्या. दोन्ही बाजूंच्या २८ लिटरच्या पेट्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. त्या लावल्याशिवाय हिला टुरिंगची गाडी म्हणण्यात अर्थ नाही, तेव्हा त्यांचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

पेट्रोल मला लिटरला साडेसतराच्या आसपास पडलं. टाकी १९ लिटरची, त्यामुळे तीनशेच्या आधी पंप बघायचा हे धोरण ठेवा. मी जुलवानियाला भरलं.

वजन २३८ किलो. चालताना ते कुठे जातं कळत नाही, पण आमच्या गल्लीत, उतारावर, गेटसमोर ती मागे ढकलताना पूर्ण कळतं. सीट ८३५ मिलिमीटर उंच. माझी उंची पाच फूट नऊ इंच, मला पाय टेकतात. जमिनीपासूनचं अंतर १३५ मिलिमीटरच आहे, आणि इंदूरच्या कॉलन्यांमध्ये लोकांनी आपापल्या दारापुढे रातोरात घातलेले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीतच आहेत. मागे कोणी बसलं असेल तर असा प्रत्येक ब्रेकर तिरका आणि हळू घ्यायचा. मागच्या सस्पेंशनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा ताण, हाताने फिरवायच्या गोल बटणाने वाढवता येतो. दोघं बसण्याआधी तो वाढवाच, आळस करू नका.

चेनवाली गाडी आहे आणि मेन स्टँड येत नाही. मी दर पाचशे-सहाशे किलोमीटरला चेन साफ करून तेल देणारा माणूस आहे. म्हणजे नाशिकला पोचलो की सासूबाईंच्या अंगणात ते काम आलंच, आणि घरी मागचं चाक उचलायला पॅडॉक स्टँड घ्यावा लागेल. सोबत येणारे ब्रिजस्टोन एस२३ टायर पकडीला उत्तम, पण ते स्पोर्ट टायर आहेत. लांबच्या प्रवासाला झिजले की टुरिंगचे घालीन. मागचा १९० चा टायर स्वस्त नसतो, तो खर्च वर्षाच्या हिशेबात लिहून ठेवा. शिवाय मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, पलासियाच्या सिग्नलवर हजार सीसीची कुठलीही चार सिलिंडर गाडी मांड्या भाजतेच. रोज दुकानात जायला ही घेणार असाल तर नका घेऊ, खरंच नका घेऊ. त्यासाठी घरात स्कूटर असू द्या.

आणखी एक. हेच इंजिन कावासाकीच्याच व्हर्सिस ११०० मध्ये आहे, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये १२.९० लाखांना आली होती. टाकी २१ लिटरची, सस्पेंशनचा प्रवास जास्त, बसणं सरळ. ज्यांचा रस्ता खराब आहे, किंवा मागच्याचे गुडघे आमच्यापेक्षा जास्त कुरकुरतात, त्यांनी आधी ती बघावी. मी निंजाकडे वळलो कारण माझा रस्ता चौपदरी आहे आणि पुढच्या चाकावर थोडं झुकून बसलं की मला घाटात गाडी हातात आल्यासारखी वाटते.

भावाबद्दल सावध राहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या मोटारसायकलींवर जीएसटी ४० टक्के आहे. त्याआधी २८ टक्के आणि वर ३ टक्के सेस होता. लाँचचा आकडा डोक्यात धरून शोरूममध्ये गेलात तर निराश व्हाल. आरटीओचा टॅक्स, विमा, पेट्या, स्टँड आणि दोघांची चांगली जॅकेट, हे सगळं कागदावर मांडूनच जा. जॅकेटमध्ये काटकसर करू नका. मी वैशालीचं आधी घेतलं, गाडी अजून यायची आहे.

सेंधव्याला त्याच टपरीवर चहा घेतला. मी काही विचारलं नाही. तिनेच ग्लास ठेवला आणि म्हणाली, "अहो, भाऊबीजेला बसचं तिकीट काढू नका." बुधवारी टोकन भरतो आहे.