दोन काटे, नऊ महिने: एक कामाचा, एक थापाड्या

"शेव मी चिमूटभरच घेते" असं मी वीस वर्षं म्हणत आले. किचनचा वजनकाटा घरी आला त्या सकाळी पोह्यांची बशी त्यावर ठेवली, बटण दाबून शून्य केलं आणि नेहमीच्याच हाताने शेव भुरभुरली. ४२ ग्रॅम! तळलेल्या शेवेत १०० ग्रॅमला साधारण ५५० कॅलरी धरल्या, तर माझी चिमूट २३० कॅलरींची निघाली. पोहे अजून हिशोबात आलेच नव्हते. इंदूरात राहून शेव सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, मीही सोडली नाही. आता १५ ग्रॅम घेते, जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) मात्र हवं तेवढं.

माझं वय ४३, पूर्ण शाकाहारी, राहायला सुदामानगरात. सुरुवातीला वजन ७१.४ किलो, कंबर ९४ सेंटीमीटर. यापूर्वी एकदा सूप आणि फळांवर राहून आठ किलो उतरवले होते. कंबरेबरोबर दंडही गेले, कणीक मळताना धाप लागायची, आणि वर्षाच्या आत वजन व्याजासकट परत आलं. म्हणून या वेळी ठरवलं की खाणं थोडंच कमी करायचं, प्रोटीन वाढवायचं आणि वजनं उचलायची. त्यासाठी सेलमध्ये दोन काटे घेतले. एक किचनचा, ५ किलोपर्यंतचा, सहाशेच्या आसपास. दुसरा पायाखालचा, चरबी आणि स्नायूंचे आकडे मोबाइलवर दाखवणारा, एकोणीसशेचा. कंपन्यांची नावं देत नाही, या किमतीतले काटे सगळे थोड्याफार फरकाने सारखेच वाटले.

आधी किचनचा. तेलाची बाटली भाजीपूर्वी आणि भाजीनंतर तोलून बघा, मग बोलू. माझ्या फोडणीत ३८ ग्रॅम तेल जायचं. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, चौघांत वाटलं तरी माणशी ८५ झाल्या, तेही एकाच भाजीत. दोन वेळच्या भाज्या-आमट्या अशा आवरल्यावर भूक न वाढवताच दिवसाच्या दोनशे कॅलरी कमी झाल्या. मी साधारण १५०० वर राहिले, म्हणजे माझ्या गरजेपेक्षा साडेतीनशे-चारशेने कमी. दिवाळीचे पंधरा दिवस आणि गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) दिवसांतल्या सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, दोन रात्री मोजल्या नाहीत.

पण काट्याने खरी फजिती केली ती प्रोटीनची. मला वाटायचं, आपण वरण-पोळी-दूधवाले, आपल्याला काय कमी? आठवडाभर सगळं तोलून लिहिलं तर दिवसाला ४० ग्रॅमच्या आतबाहेर. वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ २५ ग्रॅम, तिच्यात प्रोटीन जेमतेम ६. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत साध्या निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, मी तेवढंही गाठत नव्हते. स्नायू वाढवायचे तर किलोमागे १.६ च्या पुढेमागे लागतं. आता दिवसाला ९५ ग्रॅमपर्यंत जाते: सकाळी ६० ग्रॅम मुगाचं धिरडं, दुपारी ४० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांची भाजी (तिच्यातच २० ग्रॅम मिळतं), संध्याकाळी व्हेचा, म्हणजे दुधापासूनच्या प्रोटीन पावडरचा, एक स्कूप, रात्री दीडशे ग्रॅम चक्का. बाकीचं डाळ, दूध, पोळीतून. पनीर मी कमी केलं. प्रोटीन चांगलं, पण १०० ग्रॅमला चरबीही वीसच्या पुढे, आणि घरचं म्हशीच्या दुधाचं तर विचारूच नका.

चक्क्यावरून घरात महाभारत झालं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, साखर नाही, वेलदोडा नाही, नुसता चक्का? मग श्रीखंडाने काय पाप केलं होतं?" आणि वाटी काट्यावर ठेवली की, "अन्न असं तोलून खाऊ नये गं." मी ऐकून घेतलं. दिवाळीत मात्र बेसनाचे लाडू वळताना त्यांनीच काटा मागून घेतला. सगळे लाडू ४० ग्रॅमचे, एकसारखे.

या काट्याचे दोष पण सांगते. दोन मिनिटांत आपोआप बंद पडतो, पीठ घ्यायला डबा उघडेपर्यंत शून्य गेलेलं असतं. अगदी हळूहळू काही टाकलं तर आकडा हलतच नाही. स्वस्त काटे बारीक बदल म्हणजे आपलीच गडबड समजून परत शून्य धरतात. त्यामुळे क्रिएटिनच्या (व्यायामात ताकद मिळावी म्हणून घेतात त्या पावडरच्या) ३ ग्रॅमसाठी हा बिनकामाचा, डब्यातला चमचाच बरा. आणि पातेली मोठी असेल तर आकडे तिच्या पोटाखाली जातात, मान वाकडी करून वाचावे लागतात.

आता थापाड्या. किलोचा आकडा तो खरा सांगतो, हे कबूल. गॅसची भरलेली टंकी आली तेव्हा ती सीलसकट त्यावर चढवली. रिकाम्या टंकीचं वजन वर पट्टीवर लिहिलेलं असतं, आमच्या टंकीवर १५.३ होतं. त्यात गॅस १४.२, म्हणजे २९.५ यायला हवे. काट्यावर २९.६ आले. शाबास म्हटलं.

चरबीचा आकडा मात्र ऐकू नका. हे यंत्र एका पायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं, तो दुसऱ्या पायातून परत येतो, आणि त्याला किती अडथळा झाला यावरून अंदाज बांधतं. पोट तर त्या वाटेत नीट येतच नाही. वय, उंची, स्त्री की पुरुष, हे सगळं सूत्रात घालून आकडा तयार होतो. एकाच दिवशी उठल्या उठल्या ३६.८ टक्के, संध्याकाळी ३४.९. मग मी खोडी काढली, मोबाइलवर 'अ‍ॅथलीट' निवडलं. जागेवर उभ्या उभ्या सहा टक्के चरबी वितळली! क्रिएटिन सुरू केलं त्या आठवड्यात वजन ९०० ग्रॅम वाढलं आणि काट्याने ते सगळं स्नायूंच्या खात्यात जमा केलं. अहोंनी अभिनंदन पण केलं. ते स्नायूंनी धरून ठेवलेलं पाणी होतं. (क्रिएटिन घेत असाल तर रक्ततपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगा, किडनीची तब्येत बघायला मोजतात ते क्रिएटिनिन रिपोर्टात थोडं चढतं. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधीच विचारा.)

मग स्नायू वाढले हे कशावरून? जिमच्या वहीवरून. पहिल्या दिवशी ट्रेनर म्हणाला, "मैडम, आप तो ट्रेडमिल कर लो, वेट से बॉडी भारी हो जाएगी." तीन आठवडे ट्रेडमिल केलंही. मग आठवड्यातून तीन दिवस, चार-पाचच व्यायाम: बैठका, डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), ओढण्याचा एक, ढकलण्याचा एक. बारा वेळा नीट झालं की पुढच्या वेळी वजन थोडं वाढवायचं. सुरुवातीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं हाच व्यायाम होता. आज डेडलिफ्ट ६० किलोचा आठ वेळा होतो. वजन ६५.२, कंबर ८३, आणि दंड टेपवर ३० होता तो ३० च आहे. अंगावरची चरबी गेली आणि दंड तेवढाच राहिला, तर आत काहीतरी भरलं असणारच.

कमी खाऊन स्नायू वाढत नाहीत, असं जिममध्ये सगळे छातीठोकपणे सांगतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ साली एक प्रयोग छापला. ४० तरुण, वजन जास्त असलेले, चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी खाणं आणि भरपूर व्यायाम. किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलो उतरली आणि चरबी सोडून बाकीचं वजन १.२ किलो वाढलं. १.२ ग्रॅमवाल्यांचं ते जेमतेम टिकलं. ती सगळी पोरं विशीतली, माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. माझी गाडी सावकाश चालली, मध्ये दोन महिने तर वजन हललंच नाही. पण नवख्या माणसाला आणि अंगावर चरबी असणाऱ्याला हे जमतं. आधीच पिळदार असलेल्याला जड जातं.

घ्यायचं झालं तर किचनचा काटा डोळे मिटून घ्या, शिंप्याची टेप घ्या, एक वही घ्या. पायाखालचा काटा नुसते किलो दाखवणारा साधा घ्या, माझे हजार-बाराशे वाचले असते. माझ्या किचनच्या काट्याचे सेल नऊ महिन्यांत दोनदा बदलले, मागचं झाकण सैल झालंय, रबरबँडने बांधलंय. काचेवर हळदीचा एक डाग आहे, तो काही जात नाही.