बोटांच्या ठशांवरून मुलीचं मन 'वाचून' घेतलं, ७४,०८० रुपयांना

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. चाचणीचे ४,५००, चोवीस सेशनच्या पॅकेजचे ६८,४००, कर्जाची प्रोसेसिंग फी १,१८०. सेशन झाली पाच, त्यातली दोन म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली वर्कशीट.

मुलगी नववीत. सकाळी पोटात दुखायचं, स्कूलबस गेली की थांबायचं, रविवारी कधीच नाही. बालरोगतज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या करून 'समुपदेशन करा' म्हटलं. कुणाकडे, ते नाही सांगितलं. तेवढ्यात शाळेच्या पालकसभेत एका समुपदेशन केंद्राचं मोफत व्याख्यान झालं. पुढची साखळी तुम्हाला पाठ असेल: फॉर्म, फोन, 'सवलत फक्त आज'. शाळेनेच बोलावलेल्या माणसावर कोण संशय घेतं? आम्ही अडाणी नव्हतो, घाबरलेलो होतो.

पहिल्या दिवशी दहाही बोटं स्कॅनरवर, आणि वीस मिनिटांत अठ्ठावीस पानी रंगीत अहवाल हातात. ठशांवरून बुद्धी आणि स्वभाव सांगणाऱ्या या डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही, हे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१९ मध्येच सांगितलंय. ते आम्ही नंतर वाचलं. पण पान अकरा तर डोळ्यांसमोर होतं! इंग्रजी मजकुरात माझ्या मुलीचा उल्लेख चार ठिकाणी मुलगा म्हणून. मी त्यावर बोट ठेवलं. केंद्राच्या बाई हसल्या, "टायपिंग मिस्टेक हो, सर." मीही हसलो. तोवर पोरीशी कुणी एक वाक्य बोललं नव्हतं, नावसुद्धा फॉर्मवरून उतरवलेलं. तरी तिचा त्रास 'उजव्या मेंदूच्या असंतुलनामुळे' आहे हे ठरलं होतं, आणि मी सही करायला पेन मागितलं. तिथेच उठायला हवं होतं.

नीट काम करणाऱ्याची पहिली भेट पाऊण ते एक तासाची असते. मूल कधी चाललं, कधी बोललं, झोप, भूक, शाळा, घरातली भांडणंसुद्धा विचारतात. मग मुलाशी एकट्याने बोलतात. कुठली गोष्ट आईबाबांना कळवावी लागेल (जिवाला धोका असेल तर) आणि कुठली कळवणार नाही, हे त्याच्यासमोर स्पष्ट करतात. इथे तिसऱ्या सेशनला तिने वर्गातल्या एका मुलाबद्दल सांगितलं आणि संध्याकाळी ते सगळं सांगणारी व्हॉइस नोट तिच्या आईच्या मोबाइलवर. ती मुलीने ऐकली. त्यानंतर ती तिथे तोंड उघडेना. हे नुकसान कुठल्या पावतीवर लिहू?

सल्लाही उलटाच दिला: 'मेंदू रिसेट होईपर्यंत २१ दिवस घरी ठेवा.' शाळेच्या भीतीत मूल जितकं घरी राहील तितकी भीती घट्ट होते. आधी फाटकापर्यंत, मग एक तास, मग अर्धा दिवस, असं हळूहळू परत न्यायचं असतं. आम्ही तीन आठवडे पैसे देऊन आजार वाढवला.

'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे त्यांनी दिलेली सवलत नव्हे, तुमच्या नावावरचं कर्ज. ७,६०० चे नऊ हप्ते; टॅब त्यांचा, ओटीपी माझा. केंद्राला रक्कम एकदम मिळते, मग सेशन घ्यायची गरज कुणाला? सगळी मेख इथे आहे. 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाचं पत्रक, त्याच दिवशी उघडा. त्यात कूलिंग-ऑफची, म्हणजे कर्ज सोडून द्यायची, मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज परत केलं तर दंड लागत नाही. आमचं पत्रक ईमेलच्या स्पॅममध्ये पडून राहिलं. आणि रागाच्या भरात हप्ता बंद करू नका, सिबिल तुमचाच खराब होतो.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. "पाच सेशन झाली ना? मग फसवणूक कसली, दिवाणी मामला आहे." अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्या दिवशीही जेवायलाच. कर्जवाले म्हणाले, सेवेचा वाद तुमचा नि केंद्राचा. केंद्राने 'नॉन-रिफंडेबल'चं कलम दाखवलं. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने लेखी द्या म्हटलं, लेखी दिलं तर अखत्यारीत बसत नाही. शाळा म्हणते, आम्ही फक्त हॉल दिला. हॉल!

बाईंच्या पाटीवर 'चाइल्ड सायकॉलॉजिस्ट', भिंतीवर तीन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते. सीआरआर नंबर (त्या नोंदणीचा क्रमांक) मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून बघा. समुपदेशक असेल तर पदव्युत्तर पदवी कशात आणि काम कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारा. कपाळाला आठी पडली तर चपला घाला. पैसे दर भेटीचे, भेटीलाच. 'खात्री' हा शब्द आला की संपलं. काहीच सुचत नसेल तर टेली-मानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पान अकरा पुरावा म्हणून जोडलंय.

मुलीला पुन्हा कुणाकडे न्यायला दोन महिने मनवावं लागलं. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टरबाईंनी अहवालाची फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "आईबाबा, तुम्ही जरा बाहेर बसा."